स्वभाव आणि सभोवताल

मराठीत स्वभावासंबंधी दोन म्हणी आहेत आणि त्या एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध आहेत. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही पहिली. वस्तूचा किंवा माणसाचा मूळ गुण बदलत नाही, कितीही खोल गेले तरी तोच हाती लागतो, असे ती सांगते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही दुसरी. गुण हा संगतीचा असतो, मूळचा असतोच असे नाही, असे तिचे म्हणणे. आपल्या घरांतून या दोन्ही म्हणी एकाच माणसाच्या तोंडून, कधीकधी एकाच दिवशी, ऐकू येतात. दुसऱ्याच्या मुलाने चोरी केली की कोळसा आठवतो, आपल्या मुलाने केली की ढवळ्या आठवतो. या विनोदामागे एक गंभीर प्रश्न आहे व प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करू इच्छितो. माणूस जे करतो ते त्याच्या स्वभावामुळे की सभोवतालामुळे? आणि उत्तर दुसरे असेल, तर त्याला जबाबदार धरायचे ते कोणत्या न्यायाने?

आम्हांस हा प्रश्न केवळ तात्त्विक वाटत नाही. राज्य शासनाच्या सेवेत तीन दशकांहून अधिक काळ काढलेल्या माणसाने दरवर्षी आपल्या हाताखालील कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहिलेले असतात. त्या अहवालात सचोटीसंबंधी एक रकाना असतो. त्यात दोन-चार शब्द लिहायचे आणि त्या दोन-चार शब्दांवर एखाद्याची बढती, बदली, क्वचित उपजीविकाही अवलंबून राहायची. सचोटी हा जणू उंची किंवा रक्तगट यांसारखा त्या माणसाचा कायमचा गुण आहे, असे तो रकाना गृहीत धरतो. परंतु जो लिपिक आवक-जावक विभागात दहा वर्षे निष्कलंक राहिला, तोच परवान्यांच्या टेबलावर दोन वर्षांत बदलला, हे प्रत्येक कार्यालयाने पाहिले आहे. याच्या उलटही पाहिले आहे. मग आम्ही लिहीत होतो ते माणसाविषयी की टेबलाविषयी?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा भौतिक रसायनशास्त्राची मदत अधिक झाली, हे वाचकांस कदाचित विचित्र वाटेल. पदवी परीक्षेपुरते शिकलेले ते शास्त्र सेवानिवृत्तीनंतर पुन्हा चाळताना त्यातील दोन विषयांनी आमचे लक्ष वेधून घेतले. आयनांचा विनिमय हा एक, आणि उत्प्रेरकावर होणारी कार्बनची वाढ हा दुसरा.

बेगम बाजारात राहणाऱ्यास विनिमय हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. निजाम अली खान यांच्या बेगमेने व्यापाऱ्यांना दिलेल्या जमिनीवर ही पेठ वसली असे सांगितले जाते. तेव्हापासून येथे देणे आणि घेणे याखेरीज दुसरी भाषा फारशी चालत नाही. सुका मेवा, मसाले, तांब्या-पितळेची भांडी आणि मीठ, सारे येथे घाऊक मिळते. त्यांपैकी मिठाचे एक गिऱ्हाईक गेल्या काही दशकांत नव्याने उदयास आले आहे. हैदराबादच्या अनेक वसाहती विंधण विहिरींच्या पाण्यावर अवलंबून आहेत. येथील ग्रॅनाइट खडकातून येणारे ते पाणी बहुधा दुष्फेन असते. त्यात साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. म्हणून इमारतींतून पाणी सुफेन करणारी यंत्रे बसवलेली असतात आणि त्या यंत्रांना ठराविक दिवसांनी मीठ लागते.

हे मीठ पाण्यात घालण्यासाठी नसते. यंत्राच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. या मण्यांच्या अंगी ऋण विद्युतभार कायमचा जडलेला असतो आणि त्याला सोडियमचे धनभारित आयन बिलगलेले असतात. दुष्फेन पाणी त्यांतून गेले की पाण्यातील कॅल्शियम मण्यांवर बसतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरतो. कॅल्शियमवर सोडियमच्या दुप्पट भार असल्यामुळे एका कॅल्शियमला दोन सोडियम द्यावे लागतात. हिशेब इतका चोख असतो की बेगम बाजारातील मुनीमही त्यात खोट काढू शकणार नाही. हा व्यवहार निसर्गात फार प्राचीन आहे. थॉम्पसन आणि वे या दोन इंग्रज संशोधकांनी १८५० मध्ये प्रथम त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेही शेतातील मातीच्या संदर्भात. माती अमोनिया धरून ठेवते आणि मोबदल्यात चुना सोडते, असे त्यांना आढळले. आमच्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनीची सुपीकताही पुष्कळ अंशी याच गुणावर उभी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मण्यांना सोडियमपेक्षा कॅल्शियम अधिक ‘आवडतो’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. तसे असेल तर कोळशाची म्हण येथे लागू पडावी आणि मण्यांनी कॅल्शियम कधीच सोडू नये. प्रत्यक्षात मात्र मिठाचे दाट द्रावण, साधारण शेकडा दहा भाग मिठाचे, त्यांतून सोडले की तेच मणी तोच कॅल्शियम निमूटपणे सोडून देतात आणि पुन्हा सोडियम धारण करतात. पातळ पाण्यात ज्याची निवड केली, त्यालाच दाट पाण्यात निरोप दिला.

यामागचे कारण ऊष्मागतिकीने स्वच्छ सांगितले आहे. एक कॅल्शियम आत येतो तेव्हा दोन सोडियम बाहेर पडतात. बाहेरचे पाणी पातळ असेल तर त्या दोघांना विखुरण्यास भरपूर मोकळीक मिळते आणि व्यवहार त्या दिशेने सहज घडतो. बाहेर आधीच सोडियमची दाटी असेल तर ती मोकळीक उरत नाही, आणि व्यवहाराची दिशा उलटते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की या सर्व घडामोडीत मण्यांचा मूळ कल, ज्याला शास्त्रज्ञ समतोलाचा स्थिरांक म्हणतात तो, तसूभरही बदललेला नसतो. प्रक्रियेची दिशा ठरते ती दोन पदांच्या बेरजेवरून. एक पद मूळ कलाचे, दुसरे भोवतालच्या प्रमाणांचे. पहिले स्थिर, दुसरे सतत बदलणारे. स्वभाव हे त्या बेरजेतील एक पद आहे. संपूर्ण बेरीज म्हणजे स्वभाव नव्हे.

आमच्या मते दोन्ही म्हणींचा तंटा येथे बऱ्याच अंशी मिटतो. कोळशाची म्हण पहिल्या पदाविषयी बोलते आणि पवळ्याची म्हण दुसऱ्या पदाविषयी. दोन्ही खऱ्या आहेत. चूक होते ती आपण पाहिलेल्या एका परिणामावरून थेट पहिल्या पदाविषयी निकाल देतो तेव्हा. ज्याने पातळ पाण्यात कधी दाटीचा सामना केलाच नाही, त्याच्या निष्ठेविषयी आपणांस काहीच ठाऊक नसते. आणि जो दाट द्रावणात वाकला, त्याचा मूळ कल वाईट होता असेही त्यावरून सिद्ध होत नाही.

मनुष्याच्या बाबतीत हे म्हणणे किती दूर नेता येईल, याची एक प्रसिद्ध चाचणी अमेरिकेत झाली. येल विद्यापीठातील स्टॅन्ली मिलग्राम यांनी १९६१-६२ मध्ये सामान्य नागरिकांना एका अनोळखी माणसास विजेचे धक्के देण्याची आज्ञा केली. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यास ते खरे वाटत होते. ४० पैकी २६ जणांनी शेवटच्या बटनापर्यंत आज्ञा पाळली. पण समोरचा माणूस त्याच खोलीत बसवला तेव्हा हे प्रमाण शेकडा ४० वर आले, आणि त्याचा हात स्वतः धरून दाबावा लागला तेव्हा शेकडा ३० वर. माणसे त्याच शहरातली, त्याच प्रकारची. बदलले ते अंतर. परंतु येथे आणखी एक गोष्ट नजरेआड होऊ नये. सर्वांत प्रतिकूल मांडणीतही १४ जण थांबले होते. सभोवतालाचे पद मोठे असले तरी पहिले पद शून्य नसते.

येथे जाणता वाचक आक्षेप घेईल की, या विचारसरणीने प्रत्येक अपराध्याला सबब मिळेल. लाच घेणारा म्हणेल की द्रावण दाट होते. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आमच्या शेजारच्या नलगोंडा जिल्ह्याचे उदाहरण घेणे उचित ठरेल, कारण जेथे दोष देण्यास कोणी उरतच नाही अशी परिस्थिती तेथे दिसते.

भूजलातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे हाडे ताठरणारा व वाकणारा रोग दक्षिण भारतात आहे, हे शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे नलगोंड्याचे नाव त्या रोगाशी कायमचे जोडले गेले. या रोगाचे मूळही आयनांच्या विनिमयातच आहे. आपल्या हाडांच्या आणि दातांच्या खनिजात हायड्रॉक्सिल आयन असतात. फ्लोराइडचा आकार व भार त्यांच्याशी जुळता असल्यामुळे तो त्यांची जागा घेतो, आणि होणारे नवे खनिज अधिक स्थिर असते. थोड्या प्रमाणात ही अदलाबदल दातांना बळकटी देते. म्हणून भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ग्राह्य आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. त्यापलीकडे तोच विनिमय वर्षानुवर्षे चालू राहिला की माणूस पांगळा होतो. हाडाने आपला गुणधर्म सोडलेला नसतो. चांगल्या पाण्यात ज्या गुणाने ते मजबूत राहते, त्याच गुणाने वाईट पाण्यात ते विद्रूप होते.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, १९७० च्या दशकात तुरटी व चुना वापरून असे पाणी शुद्ध करण्याची पद्धत विकसित केली. ती ‘नलगोंडा तंत्र’ या नावानेच जगभर ओळखली जाते. आफ्रिकेत व थायलंडमध्ये याच कामासाठी हाडांच्या कोळशाच्या गाळण्या वापरल्या गेल्या आहेत. म्हणजे फ्लोराइड धरून ठेवण्याच्या ज्या हाडांच्या हव्यासाने माणूस अधू होतो, तोच हव्यास गाळणीत बसवला की पाणी शुद्ध करतो. काळ्या कोळशाविषयीची आपली म्हण तपासून पाहण्यास यापेक्षा चांगला कोळसा मिळणे कठीण!

नलगोंड्यातील वाकलेल्या माणसाला ‘तुझ्या हाडांनी फ्लोराइड का स्वीकारले?’ असे कोणी विचारणार नाही. तेथे प्रश्न एकच आणि तो शासनाला, आम्हां शासकीय सेवकांना विचारायचा. पाणी कोणते पाजले आणि किती वर्षे? रोगाचे शास्त्रीय वर्णन १९३७ मध्ये झाले, आणि नदीचे पाणी नळाने त्या गावांतून सर्वदूर पोहोचावयास या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. पाणी बदलल्यावर हाडे साठवलेले फ्लोराइड काही अंशी हळूहळू सोडतात, पण वाकलेला कणा सरळ होत नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने उलटवता येणारा विनिमय मनुष्याच्या आयुष्यात उलटवता येतोच असे नाही, कारण आयुष्य तेवढे लांब नसते.

हाच भेद उत्प्रेरकांच्या बाबतीत फार स्पष्टपणे दिसतो. अलिबागजवळ थळ येथे किंवा तेलंगणातील रामगुंडम येथे नैसर्गिक वायूपासून खत तयार होते, तेव्हा पहिल्या पायरीत वायू आणि वाफ निकेलच्या उत्प्रेरकावरून अतिशय उच्च तापमानात नेली जाते. वाफेचे प्रमाण कमी पडले की वायूतील कार्बन निकेलमध्ये विरघळतो, त्यातून पुढे सरकतो आणि दुसऱ्या बाजूने तंतूच्या रूपाने बाहेर पडतो. तंतू वाढत जातो, टोकाशी निकेलच्या कणाला आपल्याबरोबर उचलून नेतो, आणि अखेर उत्प्रेरकाच्या गोळ्या फोडून नळी तुंबवतो. परिस्थिती थोडी वेगळी असेल तर कार्बन कणाभोवती कवच करून त्याला गुदमरवतो. म्हणून प्रत्येक कार्बन अणूमागे वाफेचे सुमारे तीन रेणू राहतील अशी दक्षता घेतात. गंमत अशी की १९९१ मध्ये इजिमा यांच्या शोधनिबंधानंतर ज्या अतिसूक्ष्म कार्बन नलिकांचा जगभर बोलबाला झाला, त्याही अशाच धातूकणांवर याच रीतीने वाढवता येतात. खत कारखान्याचा अभियंता जे टाळण्यासाठी झटतो, तेच दुसऱ्या प्रयोगशाळेत प्रयत्नपूर्वक घडवले जाते.

सभा-समारंभांतून अधिकाऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना ‘समाजपरिवर्तनाचे उत्प्रेरक’ म्हणण्याची प्रथा आहे. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा असे असते की, उत्प्रेरक अशक्य ते घडवतो आणि स्वतः अस्पर्श राहतो. शास्त्र या दोन्ही कल्पना नाकारते. उत्प्रेरक समतोल बदलत नाही, केवळ तेथवर पोहोचण्याचा वेग वाढवतो. ज्या व्यवस्थेचा कलच अन्यायाकडे आहे, तिच्यात कार्यक्षम अधिकारी नेमला तर अन्याय अधिक लवकर होतो, एवढेच. आणि उत्प्रेरक अस्पर्श राहतो हेही पुस्तकापुरतेच. त्याच्यावर काजळी धरते. ती हवा किंवा वाफ सोडून जाळता येते, परंतु फार उष्णतेत त्याचे बारीक कण एकमेकांस चिकटून मोठे झाले की गेलेली कार्यक्षमता सहसा परत येत नाही. काही पदांवर फार काळ राहिलेल्या माणसांकडे पाहताना हा दुसरा प्रकार आम्हांस वारंवार आठवतो. त्यांच्यावर काजळी नव्हती, ते भ्रष्ट नव्हते. त्यांची धार गेली होती.

आता आक्षेपाचे उत्तर. मणी, हाड आणि निकेल यांना आपल्या सभोवतालाची जाणीव नसते. मनुष्याला ती असते, निदान दाटी वाढू लागते त्या आरंभीच्या काळात तरी असते. पूर्ण दाट द्रावणात सापडल्यावर माणूस कसा वागेल, यावर त्याचा ताबा थोडा असेल. परंतु त्या द्रावणात उतरावे की नाही, उतरल्यावर किती काळ राहावे, कोणाची संगत धरावी, कोणती भेट पहिल्याच दिवशी परत करावी, या गोष्टी पुष्कळदा त्याच्या हाती असतात. जबाबदारीचे खरे स्थान तेथे आहे. लाच घेणाऱ्याचा अपराध त्या शेवटच्या क्षणी पाकीट स्वीकारण्यात जितका असतो, त्याहून अधिक आधीच्या शंभर लहान अनुमतींत असतो. म्हणून कारण सांगितल्याने दोष पुसला जात नाही. दोष कोठे आहे, हे मात्र अधिक नेमके कळते.

या उत्तराची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मनुष्य आपलाच नव्हे तर इतरांचाही सभोवताल घडवतो. सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात अति पाणी दिल्याने काही जमिनी चोपण झाल्या, म्हणजे त्यांच्या चिकणमातीवर कॅल्शियमच्या जागी सोडियम येऊन बसला. त्यावर जिप्सम घालतात, ते कॅल्शियम पुरवते. पण शेताला निचऱ्याचे चर नसतील तर सुटलेला सोडियम तेथेच राहतो आणि जिप्सम वाया जाते. कार्यालयांतून होणारी सचोटीची व्याख्याने आणि शपथा या आम्हांस चर न खणता घातलेल्या जिप्समसारख्या वाटत आल्या आहेत.

आणि जे स्वतःला शुद्ध मानतात, त्यांनी आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा. आमच्या इमारतीतील मणी पुन्हा ताजेतवाने होतात तेव्हा त्यांतून निघालेले खारट, चुनखडीचे पाणी कोठे जाते? ते गटारात जाते आणि गटाराचा उतार मुसी नदीकडे असतो. घरातील नळाला सुफेन पाणी आले, क्षार मात्र नाहीसे झाले नाहीत, ते दुसऱ्याच्या वाट्याला गेले. १९०८ च्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने मुसीवर उस्मानसागर बांधला गेला, तो १९२० मध्ये पुरा झाला, आणि गंडीपेठच्या पाण्याचा या शहराला अभिमान वाटू लागला. त्याच नदीच्या खालच्या अंगाला, नलगोंड्याच्या दिशेने, शहराचे सांडपाणी वाहत जाते आणि त्यावर शेती होते. आपल्यापैकी अनेकांचे निष्कलंक चारित्र्य हे असेच कोणी तरी आपली दाटी स्वतःकडे घेतल्यामुळे टिकलेले असते. कोणी तरी ते टेबल सांभाळले, म्हणून आपणांस ते सांभाळावे लागले नाही. याचे स्मरण ठेवणे म्हणजे अपराध्याला क्षमा करणे नव्हे. परंतु त्यामुळे निकाल देणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो, आणि तो यावा असे आम्हांस वाटते.

गोपनीय अहवालाच्या नमुन्यात बदल सुचवण्याचा अधिकार आता आम्हांस नाही. तरीही सेवेत असलेल्या तरुण मित्रांना एवढे सुचवावेसे वाटते की, सचोटीच्या रकान्यात शब्द लिहिण्यापूर्वी त्यांनी कोऱ्या कागदावर आणखी दोन ओळी स्वतःसाठी लिहून पाहाव्यात. हा मनुष्य कोणत्या जागेवर, किती वर्षे आणि कोणत्या दडपणाखाली आहे, ही एक ओळ. ते दडपण कमी करण्यासाठी आपण स्वतः वर्षभरात काय केले, ही दुसरी. दुसरी ओळ रिकामी राहिली, तर पहिल्या रकान्यातील निकाल तूर्त राखून ठेवावा आणि आधी बदलीचा प्रस्ताव तयार करावा.